बूट घालून बसलेला फरारी

त्या प्रकरणाचा विषय निघाला की निवृत्त झाल्यावरही माझं डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरी सगळ्या नोकरीत सर्वांत जास्त चीड कशाची आली असं कोणी विचारलं, तर मी हेच प्रकरण सांगेन.

तेव्हा मी दक्षिण बंगळूरमधल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं चिकपेटेतल्या कापडवाल्यांचं, खाकी घालणारा पहिला मीच. एका सकाळी हजेरी आटोपून मी केस डायऱ्या चाळत होतो, तेवढ्यात तिशीतला एक नीटनेटका माणूस फाईल घेऊन आत आला. माझ्या टेबलावरच्या पाटीवरचं मराठी आडनाव वाचून त्याने इंग्रजी सोडलं आणि मराठीत सुरुवात केली. पुण्याचा होता. जे. पी. नगरमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मॅनेजर होता.

त्यांचं काम मला तेव्हा नवीन होतं. जहाजावर रुजू होणाऱ्या आणि जहाजावरून सुटणाऱ्या कर्मचाऱ्यांची विमानाची तिकिटं काढायची, विमान रद्द झालं की दुसरं शोधायचं, तोवर राहण्याजेवण्याची सोय करायची. जहाज बंदरात दीड-दोन दिवस थांबतं. तेवढ्यात माणूस पोहोचला नाही तर ते त्याच्यावाचून निघून जातं.

"सर, सहा क्रू मेंबर होते. फ्लाइट कॅन्सल झाली, आम्ही सगळ्यांना रीबुक केलं," तो म्हणाला. "पाच जण गेले. सहावा एअरपोर्टवरून गायब. फोन स्विच ऑफ. पासपोर्ट, सीमन बुक, कंपनीची जॉइनिंगची कागदपत्रं, सगळं घेऊन पळालाय."

सीमन बुक म्हणजे खलाशाची सेवापुस्तिका. ती गेली किंवा तिच्यावर डाग पडला की समुद्रावरची नोकरी संपली. तक्रार घेतली. फोटो शहरातल्या लॉजवर पाठवला, आणि खलाशी कारवारकडच्या एका खेड्यातला असल्याने तिथल्या ठाण्यालाही चौकशीचा संदेश धाडला. मॅनेजरने तक्रारीची पोच दोनदा तपासून घेतली आणि जहाज कंपनीला लगेच पाठवायची आहे म्हणाला. त्याला पोच हवी होती, माणूस नको होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साठीची एक बाई मेट्रोने मल्लेश्वरमहून थेट ठाण्यात आली. घरातल्या तीन खोल्यांत ती पाहुणे ठेवत असे आणि त्यांना जेवू घालत असे. सगळे तिला अक्का म्हणत. आमच्यासारखीच जुनी मराठी, तीन पिढ्या इथे काढलेली.

"अण्णा, कोपऱ्यावरच्या लॉजात तुमचा पोलीस एक फोटो दाखवत होता," ती म्हणाली. "तो माणूस चार दिवस माझ्याकडे जेवतोय. पळालेला माणूस असा असतो काय? सकाळी अंघोळ करून बूट घालतो, बॅग दाराशी ठेवतो आणि बसतो. मी म्हटलं, स्वल्प बाहेर फिरून ये रे. तर म्हणतो, नको अक्का, केव्हाही बोलावतील."

"कोण बोलावतील?"

"ते विमानाच्या तिकिटाचे लोक. त्यांनीच आणून सोडलाय त्याला. त्यांची माणसं नेहमी असतात माझ्याकडे."

मी हेड कॉन्स्टेबलला घेऊन तडक तिच्या घरी गेलो. चाळिशीचा, रापलेला, रुंद हातांचा माणूस खरोखरच बूट घालून खुर्चीवर बसला होता. आम्हाला पाहून तो उभा राहिला आणि बॅग उचलली. त्याला वाटलं, गाडी आली.

मी काही चांगला वागलो नाही, हे आधीच सांगतो. कागदावर तो फरारी होता आणि मी फराऱ्याशी बोलतात तसाच बोललो.

"कुठे लपलायस? कागदपत्रं कुठायत?"

"साहेब, लपेन कशाला? कागद ऑफिसात दिले. मेसेजला लागतात म्हणाले."

हळूहळू उलगडा झाला. अशा खलाशाकडे बरेचदा त्या देशाचा व्हिसा नसतो. बंदरातला एजंट विमान कंपनीला मेसेज पाठवतो की हा आमच्या जहाजाचा माणूस आहे, याला चढू द्या. तो मेसेज ठरलेल्या फ्लाइटपुरताच चालतो. फ्लाइट बदलली की नव्याने मागवावा लागतो. विमान रद्द झाल्यावर पाच जण एका फ्लाइटने निघाले आणि जागा नसल्याने हा दुसऱ्या मार्गाने. पाचांचा मेसेज बदलून आला, याचा कोणी मागवलाच नाही. काउंटरवर त्याला अडवलं. त्याने ट्रॅव्हल ऑफिसला फोन केला, त्यांनी अक्काकडे आणून सोडलं आणि कागदपत्रं ठेवून घेतली.

"फोन का बंद केलास?"

"त्यांनीच सांगितलं. कंपनी थेट विचारेल, गोंधळ होईल, आम्ही अक्कांच्या फोनवर कळवू. स्टँडबाय राहा म्हणाले."

"आणि चार दिवस बसून राहिलास? शंका नाही आली?"

"साहेब, जहाजावर स्टँडबाय म्हटलं की जागा सोडायची नसते," तो शांतपणे म्हणाला. "इंजिनरूममध्ये वीस वर्षं तेच केलं."

घरी फोन का केला नाही, तर जहाजावर पाय ठेवल्याशिवाय घरी कळवायचं नाही ही त्याची जुनी सवय. जहाज तीन दिवसांपूर्वीच निघून गेलंय, हे त्याला आमच्याकडून कळलं. तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि बुटांकडे बघत राहिला.

तिथून आम्ही दोन पंच बरोबर घेऊन जे. पी. नगरच्या ऑफिसात गेलो. काचेच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलंमुली हेडफोन लावून बसली होती. मॅनेजरने हसून कॉफी मागवली. कागदपत्रं खलाशाकडेच आहेत, हे त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. सराईत खोटं बोलणारा स्वतःची नजर सांभाळतो, शेजारच्यांची नजर मात्र त्याला सांभाळता येत नाही. मी बाकीच्यांकडे बघत होतो. तिघांचे डोळे एकाच वेळी खिडकीजवळच्या ड्रॉवरकडे गेले.

ड्रॉवर उघडायला लावला. तपकिरी पाकिटात पासपोर्ट होता, सीमन बुक होतं, जॉइनिंगचं पत्र होतं. वर पिवळी चिठ्ठी होती, "नवीन फ्लाइट, मेसेज बाकी". जागेवरच पंचनामा केला, इकडे ज्याला महजर म्हणतात तो.

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "सर, त्या दिवशी एकामागून एक फ्लाइट कॅन्सल होत होत्या. ह्यूमन एरर आहे. क्लायंटला खरं सांगितलं असतं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं. त्याला आम्ही दोन-चार दिवसांत घरी पाठवणारच होतो. तुम्ही आपले आहात, समजून घ्या."

मला त्या 'आपले'चा विलक्षण राग आला. मेसेज मागवायला विसरले, ते मी माफ केलं असतं. धावपळीत कोण विसरत नाही? पण स्वतःची चूक झाकायला एका माणसाला खोलीत बसवायचं, त्याचा फोन बंद करवायचा आणि मग तो पळाला म्हणून पोलिसांत यायचं, ही चूक नव्हे. हा नीचपणा होता, आणि तो थंड डोक्याने केलेला होता. मॅनेजरवर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा नोंदवला. जामीन झाला. कंपनीने त्याला काढलं आणि त्याच्या जागी त्याच्यासारखाच दुसरा बसवला.

जहाज कंपनीला मी स्वतः पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं, खलाशाच्या नावापुढे त्यांनी मारलेला 'फरारी'चा शेरा काढून टाकल्याचं. माफीचा शब्द त्यात नव्हता.

पण खरी चपराक मला पाकीट सापडलं त्याच दिवशी बसली होती. ठाण्यात जबाब झाल्यावर मी खलाशाला त्याची पुस्तिका दिली आणि विचारलं, "तुम्हाला आणखी काही हवंय का?" तो म्हणाला, "माझ्या बायकोला तुम्ही सांगा साहेब. माझ्यावर विश्वास आहे तिचा, पण तुमचं सांगणं वेगळं."

मी फोन लावला. सगळं समजावलं. तुमचा नवरा निर्दोष आहे, म्हटलं.

ती म्हणाली, "काल आमच्याकडे दोन पोलीस आले होते. वर्दीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून गेले, हा कुठे पळालाय म्हणून. माझी पोरगी आज शाळेत गेली नाही. तुम्ही फोनवर सांगताय साहेब, ते मला एकटीला ऐकू येतंय."

मी तिथल्या ठाण्याला फोन करून पुन्हा माणसं पाठवा म्हटलं. चौकशी बंद झाल्याचं कळवलंत ना, मग पुन्हा कशाला जायचं, असं उत्तर मिळालं. त्यांचं बरोबर होतं. आरोप घेऊन दारात जायची आमच्याकडे रीत आहे, तो खोटा निघाला तर परत जायची नाही. इतकी वर्षं मी ती रीत पाळली होती आणि मला कधी खटकलं नव्हतं.

दोन दिवसांची रजा टाकली. वरिष्ठांना सांगितलं की रजेवर असलो तरी वर्दीत जाणार आहे, कारवाई करायची तर करा. त्या गावात सकाळी पोहोचलो, सगळी घरं उघडी असताना. खलाशी माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या अंगणात उभं राहून, पलीकडच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो की हा माणूस पळाला नव्हता, चूक दुसऱ्यांची होती आणि त्याची खातरी न करता पोलीस पाठवणारा अधिकारी मीच.