ओट्याजवळची खडूची चौकट

आमच्या ह्यांना मोजमापाचा भारी सोस. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे घरात साधा खिळा ठोकायचा तरी आधी टेप, मग पेन्सिल, मग पुन्हा टेप. नव्वदच्या दशकात, इंदिरानगरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये पहिला फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा तर विचारूच नका.

मला तो फ्रिज हवा म्हणजे हवाच होता. दोन उन्हाळे नासलेलं दूध ओतून ओतून जीव मेटाकुटीला आला होता. आणि हवा होता तो स्वयंपाकघरात, हाताशी. हॉलमध्ये पाहुण्यांच्या तोंडावर फ्रिज ठेवायचा आणि वर प्लास्टिकची फुलं मांडायची, तसली हौस मला नव्हती.

ह्यांनी दुकानातून माहितीपत्रक आणलं आणि ओट्याच्या टोकाला, खिडकीखालच्या कोपऱ्यात, फरशीवर खडूनं चौकट आखली. मागे हवेसाठी चार बोटं जागा, पुढे दार उघडायला अर्धा गोल. मग फर्मान निघालं, "आठ दिवस ही रेघ म्हणजे भिंत. कुणी ओलांडायची नाही. अडचण होतेय का बघू, मगच पैसे भरू."

पहिल्याच दिवशी मी डाळीचा डबा काढायला गेले तर हे ओरडले, "अगं, फ्रिजमध्ये शिरलीस!"

मी म्हटलं, "बरं झालं, उकडतंच होतं."

अडचण एकच होती आणि ती कुणी बोलून दाखवली नाही. त्या कोपऱ्यात माझ्या सासूबाई बसायच्या. रोज सकाळी पाट, विळी आणि परात घेऊन भाजी चिरायची आणि माझ्यावर नजर ठेवायची. "तेल तापू दे अजून." "गॅस केवढा मोठा तो!" चार वर्षं ऐकत होते. भांडण कधी झालं नाही, पण मी आतल्या आत धुमसायची.

खडूची रेघ बघितली आणि त्या उठल्या. पाट-विळी उचलली आणि गॅलरीत जाऊन बसल्या. "इथे उजेड छान आहे गं," एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला मनातून आनंद झाला. फ्रिज येणार आणि कटकट जाणार! त्या दिवशी मी गुणगुणत पोळ्या लाटल्या.

तीन-चार दिवस मजेत गेले. मग माझंच मन रमेना. शेजारणीच्या खबरा, सासूबाईंच्या नांदगावच्या माहेरच्या गमती, सगळं त्या कोपऱ्यातूनच तर यायचं. आता नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. चिरलेली भाजी त्या दाराशी ठेवायच्या आणि पाहुण्यासारख्या परत जायच्या.

सहाव्या दिवशी फोडणीत मोहरी तडतडली आणि लक्षात आलं, चिरलेला कोबी अजून गॅलरीतच आहे. गॅस बंद करून धावले. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि स्वतःशीच पुटपुटत होत्या, "तडतडली. आता हिंग टाक. हळद टाक बाई, तेल जळेल."

मी त्यांच्यासमोरची परात उचलली.

"आई, चला, आत बसा."

"आणि फ्रिज?"

"फ्रिजचं बघू."

"नको गं. दूध नासलं की तुझा चेहरा बघवत नाही मला. म्हणून तर उठले मी तिथून. मी काय, कुठेही बसेन."

म्हणजे त्या माझ्यासाठी उठल्या होत्या. आणि मी मेली गुणगुणत होते! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तडक आत गेले आणि ओल्या फडक्यानं चौकट पुसून टाकली.

संध्याकाळी हे आले आणि फरशीकडे बघतच राहिले. "अगं, अजून दोन दिवस बाकी होते!"

"फ्रिज हॉलमध्ये ठेवायचा," मी सांगितलं. "वर फुलंसुद्धा ठेवा हवी तर."

ह्यांच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "पण तुला तो आत हवा होता ना?"

"मला तुम्ही आत हव्यात," मी म्हटलं.

चार वर्षांत इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी गॅलरीतून पाट आणला, खिडकीखाली सरकवला आणि त्यावर त्या ऐसपैस बसल्या.