बिनपोच्याची गाडी

घडणाऱ्या चुकीची किंमत ती चूक व्हायच्या आधीच ठरवून ठेवणारं माणूस साऱ्या बंगळुरात एकच आहे, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राजाजीनगरात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. उभा जन्म गल्ल्यावर काढून मामांनी एकच विद्या कमावली, ती म्हणजे भांड्यावरून अंगठा फिरवून डोळे मिटून पोचा शोधण्याची. पोचा आलेली वाटीसुद्धा त्यांनी कधी विकली नाही. दुकान आता भाड्याने दिलंय, पण अंगठा काही निवृत्त व्हायला तयार नाही. कुणाकडे चहाला गेले तरी आधी पेला फिरवून बघतात, मग साखर कमी की जास्त ते ठरवतात. आमच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांना करवलीच्या हातातला तांब्या संशयास्पद वाटला. दुकानातून दुसरा येईपर्यंत त्यांनी मंगलाष्टकं थांबवली. भटजी त्यांना घड्याळ दाखवत होते आणि ते भटजींना पोचा. मुहूर्त टळला, पण माझ्या संसाराची सुरुवात बिनपोच्याच्या तांब्याने झाली, हे मामा अजूनही चारचौघांत अभिमानाने सांगतात.

अशा माणसाने पांढरी गाडी घेतली तेव्हा त्या गाडीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते आम्ही ओळखलं. मामा गाडी चालवत नसत, मिरवत. मागून ऑटोवाले कानडीत त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत आणि मामा काच खाली करून शांतपणे म्हणत, "स्वल्प थांबा की हो, कुठं पळून चाललाय रस्ता?" यशवंतपूरच्या बाजारात कांदेबटाटे घ्यायला गेले की कुणाचा धक्का लागू नये म्हणून गाडी इतक्या लांब लावायचे, की बाजारापासून गाडीपर्यंत पोती आणायला ऑटो करावा लागे. दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चारी चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडण्याचा मान त्यांचा एकट्याचा. वर्षानुवर्षं त्या गाडीवर एक ओरखडा आला नाही. मामींकडे लायसन्स होतं, अगदी रीतसर परीक्षा देऊन काढलेलं, पण मामांनी त्यांना स्टिअरिंगला हात म्हणून लावू दिला नाही. होसकोट्याच्या बहिणीकडे मामी बसने जात आणि मामा त्यांना बसस्टॉपपर्यंत गाडीने सोडत.

या गाडीच्या विम्याचं नूतनीकरण हा आमच्या घरातला एक सणच होता. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला कंप्युटरवाला जावई, त्यामुळे लॅपटॉप घेऊन पाटावर बसायचा मान माझा. विमा घेताना एक प्रश्न येतो. उद्या गाडी ठोकलीत तर नुकसानीतला पहिला भाग तुम्ही किती सोसणार? त्याला म्हणतात डिडक्टिबल. थोडा भाग सक्तीने सोसावा लागतोच, त्यावर आपल्या मर्जीने वाढवता येतो. वाढवला तर हप्ता कमी बसतो, नाही वाढवला तर जास्त. आपण हा प्रश्न हिशेबाचा समजतो. मामांना तो चारित्र्याचा वाटे. "जावईबापू, वरचा टाका, सगळ्यात वरचा," ते छाती काढून सांगत. "आपण ठोकणारच नाही, मग सुम्ने कशाला भ्यायचं?" सुम्ने म्हणजे उगाच. मामांच्या मराठीत अशी कानडी फोडणी कायम असते.

यंदा मात्र सण बिघडला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना काचबिंदू असल्याचं सांगितलं आणि गाडी चालवायची नाही अशी ताकीद दिली. समोरचं जेमतेम दिसत होतं, बाजूचं विझत चाललं होतं. मी लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा मामा खुर्चीत आक्रसून बसले होते. मी डिडक्टिबलपाशी येऊन थांबलो.

"वरचाच टाका," ते म्हणाले, पण छाती काही निघाली नाही. "गाडी कापड घालून उभीच राहणार. उभ्या गाडीला कोण ठोकतंय?"

स्वयंपाकघरातून मामी हात पुसत बाहेर आल्या. "अहो, गाडी उभी राहणार नाही. मी चालवणार आहे. आणि मी ठोकणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. मग मला ऐकवायचं नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे. त्या दिवशी विमा तसाच राहिला. मामांच्या तोंडून "हो" येणार की गाडी कापडाखाली जाणार, हे त्या एका रकान्यावर ठरायचं होतं, आणि मामी ताठ मानेने पोळ्या लाटत होत्या.

मुदत संपायला आली तेव्हा मामांचा फोन आला. "खालचा टाका. मर्जीचा भाग शून्य."

"हप्ता वाढेल, मामा."

"वाढू दे की. पहिला भाग आपला म्हटलं की ती भीतभीत चालवणार, आणि भिणारं माणूस जास्त ठोकतं. तिला मोकळ्या मनानं ठोकू दे." मग म्हणाले, "इतकी वर्षं बसनं गेली हो ती."

आयुधपूजेच्या सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मामी स्टिअरिंगवर बसल्या आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे. लिंबं झकास चिरडली. त्या आनंदात मामींनी जरा जास्तच पुढे घेतली आणि फाटकाच्या खांबाने डाव्या बाजूला मागच्या दाराशी करकचून सलामी दिली. मामींचे हात स्टिअरिंगवरच गोठले, डोळे भरले. मी क्लेमसाठी फोटो काढायला धावलो. मामा उतरले, दारापाशी वाकले, डोळे मिटून अंगठा फिरवला. दुकानात फिरवत तसाच, सावकाश. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. चल, गाडी मागं घे. होसकोट्याला उशीर होतोय."

क्लेम काही केला नाही. इतका जास्त हप्ता भरून वर पोचा तसाच, हे माझ्या पुणेरी जिवाला सोसवेना. शेवटी परवा विचारलंच. मामा रिकामा पेला हातात फिरवत होते.

"गेल्या आठवड्यात देवळातून बाहेर आलो," ते म्हणाले. "ही पुढं जाऊन गाडीत बसलेली. बाहेर सगळ्या पांढऱ्याच गाड्या, रांगेनं. मला सगळ्या सारख्याच दिसतात आता. दुसऱ्याच कुणाचं तरी दार ओढत होतो मी, आतला माणूस ओरडला. मग एकेका गाडीवरून हात फिरवत निघालो. पोचा लागला. दार उघडलं, तर आत ही."

 मी चहाचा पेला उचलला आणि उगाच त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिलो. क्लेमसाठी काढलेल्या त्या फोटोत पोच्यावर मामांचा अंगठा आला आहे आणि मागे काचेत मामींचा रडवेला चेहरा. विम्याच्या कामाचा तो फोटो नव्हताच. मी तो अजून पुसलेला नाही.