पाळकीणबाईंची मागून आणलेली भांडी

आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकांच्या बायकोनं, गल्लीत कधी कुणाला जेवायचं आमंत्रण दिलं नाही. त्या दारात जाऊन भांडं मागायच्या. नाताळानंतरच्या रविवारी आवारात वरण-बट्टी शिजायची, ती पाटीलकाकूंची परात, हमीदचाचांची कढई, कुणाची बादली, कुणाचा झारा घेऊन. "भांडं आलं की त्याच्यामागून माणूस येतो," त्या म्हणायच्या. "आला की धरून बसवायचं."

मटण त्यांनी कधी होऊ दिलं नाही. "निम्मी गल्ली नुसतं पाणी पिऊन जाईल. वांग्याची भाजी करा, सगळे जेवतील."

कुणाचं भांडं कुठलं, हे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसे. ते काम माझं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी; भांड्याखाली रंगाची खूण करायची, वहीत नोंदवायचं, घरोघर पोचवायचं. तरी एका वर्षी पाटीलकाकूंची परात हमीदचाचांकडे गेली. मी कपाळावर हात मारला. बाई हसल्या, "बरं झालं गं. चाची परात द्यायला गेल्या आणि तासभर बसल्या तिथं."

तीन वर्षांपूर्वी बाईंचे गुडघे धरले आणि जेवण माझ्याकडे आलं. मी सगळं सुटसुटीत केलं. मंडपवाल्याकडून भांडी आणली, घरोघरी छापील चिठ्ठ्या पाठवल्या. बट्ट्या वेळेवर तळून झाल्या. गल्लीतलं एकही माणूस आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत निघाल्या, मला बरोबर घेऊन. पाटीलकाकू ओट्यावर तूर निवडत होत्या.

"काय वं पाळकीणबाई, यंदा आमनी परात वाईट व्हयनी का? चिठ्ठी धाडतस! आम्ही काय परका शेतस?"

मी कारणं सांगायला लागले. बाईंनी माझा हात दाबला.

"काकू, भूक लागलीय. घरात काय आहे?"

काकूंनी तूर बाजूला सारली. मग उठून भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. हमीदचाचांनी "हमारी कढाई में छेद था क्या, बाई?" असं विचारलं, तिथं चहा-टोस्ट झाले. अशी पाच घरं. बाईंना साखरेचा आजार. मी प्रत्येक घास मोजत होते. परतताना त्या एका पायरीवर बसल्या. "दमले गं. पण इतकी वर्षं आपणच वाढत होतो, हेही बरं नव्हतं."

पुढच्या वर्षी मी पुन्हा दारोदार भांडी मागितली आणि आवार भरलं.

यंदाच्या श्रावणात बाई गेल्या. दफन, खुर्च्या, बाहेरगावचे पाहुणे, सगळं वहीत लिहून मी दोन दिवस धावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळकांच्या घरी आले तर स्वयंपाकघरात पाटीलकाकू पिठलं घोटत होत्या, चाची भाकऱ्या थापत होत्या. यातलं काहीच मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पाळकांचं रात्रीचं जेवण कुणाकडून, ते बघायला मी वही उघडली.

काकूंनी ती हातातून काढून घेतली. "दोन दिनफाईन तू काही खादं नही. बठ."

"एवढं एक काम..."

"बठ म्हणस ना!"

मी भिंतीला टेकून बसले. काकूंनी ताट पुढे सरकवलं. गल्लीच्या जेवणात मी दरवर्षी शेवटी, उभ्या उभ्या, वही काखेत धरून दोन घास खाल्ले होते. त्या दुपारी पहिल्यांदा बसून जेवले.