गिळलेला पॉइंट

आमच्या घरात भांडण एकाच गोष्टीवरून होतं: कॉम्प्युटर विकतच्या सिस्टिमवर चालवावा की खुल्या. लोकांकडे सासू-सुना भांडतात, आमच्याकडे दादा आणि वहिनी या विषयावर बारा वर्षं भांडतायत. मी पडले नणंद, तेव्हा आगीत तेल ओतायचं काम माझ्याकडे आपसूकच आलं आणि ते मी मनापासून केलं.

वहिनीला जन्मापासून दिसत नाही. ती इस्पितळात टायपिस्ट आहे. डॉक्टर बोलून ठेवतात ते हेडफोन लावून ऐकायचं, रिपोर्ट टाइप करायचा आणि मग कॉम्प्युटरकडून तो वाचून घेऊन तपासायचा. हा वाचणारा आवाज ती इतक्या वेगाने लावते की आपल्याला नुसता डास गुणगुणतोय असं वाटतं. तिला त्यातला स्वल्पविरामसुद्धा कळतो. बाकी स्वभावाने गरीबबिरीब मुळीच नाही. चहात साखर कमी पडली तर वरच्या मजल्याला कळतं.

दादा झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात खुल्या सिस्टिमचा प्रचार.

"विकतची सिस्टिम म्हणजे भाड्याचं घर," तो म्हणायचा. "भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. खुली म्हणजे आपलं स्वतःचं घर. आतला कोड कुणीही उघडावा, बघावा, दुरुस्त करावा."

"हो, आणि छप्पर गळायला लागलं की बोंब कुणाच्या नावाने मारायची?" वहिनी विचारायची. "अहो, कंपनीला पैसे दिले की फोन करून चार शब्द सुनावता येतात. तुमच्या त्या फुकटच्याला धनी कोण?"

मला वहिनीचं पटायचं. जाब विचारायला समोर कुणीतरी हवंच की.

यंदा कंपनीने जाहीर केलं की वहिनीची जुनी सिस्टिम बंद, आणि तिच्याबरोबर तो वाचणारा आवाजही बंद. वहिनीने बाह्या सरसावून फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, नव्या उत्पादनासाठी एक दाबा. वहिनीने एक दाबला, दोन दाबला, होते तेवढे सगळे आकडे दाबले. माणूस काही आला नाही. वहिनीने कुणालाही न सुनावता फोन ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात इस्पितळाने सगळ्याच कॉम्प्युटरांवर खुली सिस्टिम बसवायचं ठरवलं. वहिनीला सांगितलं, महिनाभरात शिकून घ्या, नाही जमलं तर टेलिफोनवर बसा. टायपिंगच्या त्या खुर्चीवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दादाला खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण बायकोचा चेहरा बघून त्याने प्रचार बाजूला ठेवला आणि घरच्या कॉम्प्युटरवर तीच सिस्टिम बसवून दिली.

वहिनी भराभर शिकली. नवा आवाज जरा नाकातला होता, पण तिने त्यालाही डासाच्या वेगावर आणला. आम्ही सुटलो म्हणत होतो, आणि एका दुपारी ती सराव करता करता मध्येच थांबली.

"पंचवीस मिलिग्रॅम? तीन वर्षांच्या पोराला?"

मी स्क्रीनवर पाहिलं. "वहिनी, इथे अडीच आहे. दोन पॉइंट पाच."

तिने पुन्हा लावलं. आकडे सुटे वाचणारा तो आवाज पुन्हा नुसतं दोन पाच म्हणाला, म्हणजे पंचवीसच. आवाज सावकाश ठेवला की पॉइंट नीट म्हणायचा, वेग वाढवला की गिळून टाकायचा. आणि सावकाश ऐकत बसलं तर दिवसाकाठी दोन रिपोर्ट झाले असते. वहिनीने आवाज बंद केला.

"उद्या माझ्याच हातून पॉइंट राहिला तर मला कळणारच नाही," ती म्हणाली. "एखाद्या लेकराला दहापट औषध जाईल. नको. मी सोमवारी सांगते, मला टेलिफोनवर बसवा."

दादा आतल्या खोलीतून धावत आला. "अगं, असं काय करतेस? कोड खुला आहे, कुणीही दुरुस्त..."

"मग करा ना!" वहिनी कडाडली. "बारा वर्षं सांगताय, उघडा, बघा. घ्या, उघडा आता!"

दादाने उघडला. आयुष्यात पहिल्यांदा, हे त्याच्या घामावरूनच कळत होतं. ओळीमागून ओळी सरकत होत्या आणि तो चष्मा पुसत होता. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकणारा माझा भाऊ खाली उतरला होता, आणि एरवी चिडवायची एक संधी न सोडणाऱ्या मला त्याची दया आली.

"मला यातलं काही कळत नाही गं," तो शेवटी म्हणाला.

मला वाटलं, आता भडका उडणार. पण वहिनीने वेगळंच विचारलं. "हे लिहिणारं कुणी असेल ना? त्याला कळवता येतं?"

तक्रारी लिहायची जागा होती. दादाने ती काढून दिली आणि वहिनीने स्वतः टाइप केलं, नेहमीच्या भाषेत. तुमचा आवाज पॉइंट गिळतो, मी औषधांचे रिपोर्ट लिहिते, हे माणसं मारायचं काम आहे, उत्तर द्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या कुणीतरी लिहिलं होतं: मलाही दिसत नाही. इतक्या वेगाने मी कधी ऐकून पाहिलं नव्हतं. चूक माझीच. दुरुस्ती सोबत जोडली आहे, लावून बघा.

दादाने खरकट्या हातानेच उठून ती बसवली. एवढं त्याला येत होतं. वहिनीने तोच रिपोर्ट लावला, वेग शेवटपर्यंत वाढवला.

"दोन पॉइंट पाच," वहिनी म्हणाली. मग दुसरा रिपोर्ट, तिसरा. सगळे पॉइंट जागच्या जागी. आमचा जीव भांड्यात पडला. वहिनी हसता हसता रडायला लागली आणि मीसुद्धा.

इस्पितळातही तीच दुरुस्ती बसवली आणि सोमवारी वहिनी आपल्या खुर्चीवर बसली. संध्याकाळी घरी आली तर दादा अजून तोंड पाडून बसलेला.

"मला काहीच करता आलं नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं नुसती बडबड केली मी."

"तुम्ही बडबड केलीत म्हणून तर मला विचारायचं सुचलं, हे लिहिणारं कुणी असेल ना म्हणून," वहिनी चपला काढत म्हणाली. "कंपनीच्या फोनवर मी तरी दुसरं काय मागत होते? एक माणूसच ना?"