मधलं वर्तुळ

फोन दुपारी आला. मी कुकर चढवून शिट्टीची वाट बघत होतो. पलीकडे गुडगावच्या ऑफिसातली एक मुलगी. "अंकल, शिरीष सर की तबीयत..." एवढंच बोलली आणि थांबली. मी आयुष्यभर साहेबांच्या गाड्या चालवल्या आहेत, त्यांच्या घरी असे फोन येताना पाहिलेत. तबीयतच्या पुढे वाक्य गेलं नाही की समजायचं. गॅस बंद केला आणि निघालो. मयूर विहार ते गुडगाव, टॅक्सीवाल्याने रस्ताभर लग्नातली गाणी लावली होती. बंद कर म्हणायचंही सुचलं नाही.

शिरीष माझा मेहुणा, माझ्या कुसुमचा धाकटा भाऊ. वडील केंद्र सरकारात कारकून, म्हणून दोघं भावंडं दिल्लीतच वाढली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून तो आमच्याकडे. लग्न केलं नाही. कुसुमने विषय काढला की म्हणायचा, "ताई, आमटी तुझ्या हातची मिळते, बोलणी भाऊजींची मिळतात. बायको आणखी काय देणार?" आम्हाला मूलबाळ नाही. कुसुम गेली तेव्हा सोसायटीतल्या लोकांना वाटलं, आता हा वेगळं घर करील. तो गेला नाही आणि मी जा म्हटलं नाही. मग दोन पुरुष एका फ्लॅटमध्ये, आणि भांडी कोणी घासायची यावर रोजचं भांडण.

तो सरकारच्या कॉम्प्युटर खात्यात होता. मग बाजार उघडला, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि सरकारनं आपलंच काम तिथल्या एका कंपनीला दिलं. कामामागे तोही गेला. काम काय, तर मला चौथी शिकलेल्याला कळलं तेवढं सांगतो. तो म्हणायचा, "भाऊजी, माणूस सरकारकडे जातो तेव्हा त्याच्या घरात काहीतरी घडलेलं असतं. मूल झालं, घर बदललं, कोणी गेलं. आणि खिडकीवरचा विचारतो, कुठल्या खात्याचं काम? अरे, त्याला काय माहीत कुठलं खातं! त्याने त्याच्या भाषेत सांगावं काय घडलं. त्यातला अर्थ मशीनने ओळखावा, खाती मशीनने जोडावी, आणि जे सरकारकडे आधीच आहे ते परत मागू नये." याला तो सिमँटिक म्हणायचा. मी म्हटलं, "मग एक समजूतदार कारकून ठेवा की." तर म्हणतो, "तो रिटायर होतो ना, भाऊजी."

रविवारी माझी परीक्षा... म्हणजे मशीनची. तो खाली गादीवर बसायचा, समोर कॉम्प्युटर, आणि मला म्हणायचा, "विचारा. पुस्तकी नको, तुमच्यासारखं विचारा." मी म्हणायचो, "नळाला पाणी नाही." एकदा मशीनने मला पोहण्याच्या तलावाचा परवाना कसा काढायचा ते सांगितलं. "काय रे, मशीनला पाजलीस की काय?" कुसुम स्वयंपाकघरातून हसली, हा चिडला आणि संध्याकाळपर्यंत त्यालाच चिकटून बसला. रात्री जेवताना मला म्हणाला, "आता विचारा पाणी." मी म्हटलं, "आता आलंय."

त्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या बाजूच्या पत्र्यावर तो खडूने वर्तुळं काढायचा, गादीवर बसल्या बसल्या हात पोचेल तेवढ्या उंचीवर. एकेका वर्तुळात एकेक माणूस, मध्ये बाण. मशीनला नाती अशीच शिकवायची म्हणे. एकदा त्याने आम्हा तिघांना काढलं. एका बाजूला मी, एका बाजूला तो, मध्ये कुसुम. मी म्हटलं, "तुझ्या-माझ्यात बाण कुठाय?" तो म्हणाला, "सरळ नाही. मशीन तुमच्याकडून ताईकडे जाईल, ताईकडून माझ्याकडे येईल, आणि ओळखेल की आपण एका घरचे." कुसुम म्हणाली, "म्हणजे मी नसते तर तुम्ही दोघं एकमेकांना दारातसुद्धा उभं केलं नसतं." खरंच होतं ते.

ती गेल्यावर एक दिवस मी फडकं घेऊन ते पुसायला बसलो. मला बघवत नव्हतं. त्याने माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता. म्हणाला, "माणूस गेला म्हणून वर्तुळ पुसायचं नसतं, भाऊजी. त्याच्यातून जाणारं सगळं तुटतं मग. नुसती खूण करायची, की आता नाही." आणि त्याने तिच्या वर्तुळाशेजारी एक बारीक रेघ मारली. मशीनमध्येही त्याने असंच ठेवलं होतं. पुढे दिवाळीच्या सफाईला बाई कपाटाकडे वळली की हा ऑफिसला जाताजाता दारातून ओरडायचा, "उसको हाथ मत लगाना!"

पुढे ते मशीनचं काम बुडालं. एक मोठे साहेब बदलून आले. त्यांनी विचारलं, या साले-जीजाच्या नात्यांचं सरकारने काय करायचं? नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आईबाप. बाकीचं काढा. शिरीष भांडला. म्हणाला, नियम नियमाच्या जागी राहू दे, पण समोर उभा राहिलेला माणूस कोण आहे एवढं तरी मशीनला कळू दे. कोणी ऐकलं नाही. काही महिन्यांनी सगळंच काढलं. नवी कंपनी, नवा पडदा, आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न, विभाग चुनें, म्हणजे खातं तुम्हीच निवडा. त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "भाऊजी, जिथून निघालो तिथंच आणून सोडलं यार." आणि ताटावर बसून नुसता भात चिवडत राहिला. नंतर तो त्याच कंपनीत कुठल्या तरी बँकेचं काम करत होता. जायचा आणि यायचा, बाकी काही नाही. रविवारी मला विचारा म्हणायचा नाही. मीच एकदा म्हटलं, "नळाला पाणी नाही रे." तो म्हणाला, "बादली भरून ठेवा."

आणि मग तो फोन. इस्पितळ म्हणजे हॉटेलच, काचा आणि कुंड्या. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "आप पेशंट के कौन?" मी म्हटलं, "जीजा." "ब्लड रिलेशन में कोई?" नाही म्हटलं. "बहन?" ती गेली. "फिर घर से कोई बुलाइए." मी म्हटलं, "बेटा, घर से मैं ही आया हूँ. घर में अब और कोई है ही नहीं." त्याने मान हलवली, वाईट नव्हता तो, पण त्याच्या पडद्यावर माझ्यासाठी जागा नव्हती. शेवटी कंपनीच्या कागदावर त्याचा देह बाहेर काढला. सही त्या फोनवाल्या मुलीने केली. ती नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिचं त्याच्याशी नातं निघालं, माझं नाही. यमुनेकाठी अग्नी मात्र मीच दिला. तिथे कोणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या मृत्यूचा दाखला आणायला गेलो. मला त्याचं काही नको आहे. कुसुमचा दाखला ट्रंकेत आहे, त्याच्याशेजारी याचा ठेवावा, एवढंच. खिडकीवरच्या बाईने नाती वाचून दाखवली. पिता, माता, पती, पत्नी, पुत्र, पुत्री, अन्य. "आप अन्य में आएँगे, बाबूजी. अन्य को नहीं मिलता, कोर्ट से लिखवाकर लाइए." मी म्हटलं, ज्याचा दाखला मागतोय ना, त्यानेच हे तुम्हाला शिकवायला घेतलं होतं. बाई म्हणाली, "अच्छा," आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं. कोर्टात मी जाणार नाही. साक्षीला कोणाला नेऊ? आम्हा दोघांना ओळखणारी एकच होती.

घरी आलो, त्याच्या खोलीत गादीवर बसलो. तो गेल्यापासून मी तिथेच बसतो, कपाटाला पाठ टेकून. अंधार पडला तसा उठलो आणि सदरा काढला, तर पाठीवर पांढरं. दिवा लावून कपाट बघितलं. एका बाजूला माझं वर्तुळ आहे, एका बाजूला त्याचं आहे. मध्ये नुसता पुसट पत्रा. दोन्हीकडून बाण निघालेत, आणि कुठेच पोचत नाहीत. दिवाळ्या गेल्या, बाया बदलल्या, कोणी हात लावला नाही. आणि पुसलं ते मीच, टेकून टेकून.

खडू त्याच्या टेबलावर डबीत आहे. वर्तुळ काय, मलाही काढता येईल. पण मी काढलेलं ते मी काढलेलं... त्याने काय होणार? सदरा धुतलेला नाही. खुंटीवर टांगलाय, पाठ बाहेर करून. खिडकी मी उघडत नाही. वाऱ्याने तेवढंही जायचं.