झारीवाले नाना

सत्तरी ओलांडलेला माणूस रोज सकाळी पाण्याची झारी घेऊन टेकडी चढतो आणि त्याला धाप लागत नाही, याचं आमच्या सोसायटीत सगळ्यांना कौतुक होतं. आश्चर्य मात्र कुणालाच वाटलं नाही. हिरवी प्लॅस्टिकची झारी हातात झुलवत नाना सहाच्या सुमारास गेटबाहेर पडत आणि शिरवणे गावाच्या बाजूने टेकडीची वाट धरत. वॉचमन उठून सलाम ठोके. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया मुलांना सांगत, "बघ, नाना आजोबा या वयात झाडं जगवतात." नाना मान लववून सगळं कौतुक स्वीकारत. झारी कितीही झुलली तरी तिच्यातून थेंबही सांडत नसे.

ही टेकडी म्हणजे आमचं जुनं दुखणं. फ्लॅट विकताना बिल्डरने 'हिल व्ह्यू, हिल व्ह्यू' म्हणून डोकं खाल्लं होतं. राहायला आल्यावर बाल्कनीतून दिसला तो काळा कातळ, त्यावर वीतभर गवत आणि पाचसहा शेळ्या. ते बघून आमच्या अध्यक्षांना टेन्शन येई. "टेकडी कशी हिरवीगार पाहिजे. ही तर पार टकली आहे," असं ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत. मग हरित टेकडी समिती निघाली. माझं अक्षर बरं म्हणून मी चिटणीस झालो. दर जूनमध्ये ब्रेकर लावून कातळात खड्डे पाडायचे, त्यांत गुलमोहर न् सप्तपर्णी लावायची, बॅनर धरून फोटो काढायचा आणि वडापाव खाऊन खाली यायचं, असा कार्यक्रम ठरून गेला. पावसाळा सरल्यावर पाणी कोण घालणार, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी नानांकडे बघितलं. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म शहराला पाणी सोडण्यात गेलेला. "झारी तेवढी समितीने द्यावी," एवढंच ते म्हणाले.

नाना मूळचे रत्नागिरीकडचे. जिभेला धार होती, पण ती धार ते इतक्या शांतपणे लावत की कापल्याचं समोरच्याला घरी गेल्यावर कळे. वृक्षारोपणाच्या दिवशी अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "नाना, तुमच्याकडे असल्या जागेला काय म्हणतात?" नाना म्हणाले, "सडा म्हणतात. आणि सड्यावर झाड लावणाऱ्याला वेडा म्हणतात." अध्यक्ष मोठ्याने हसले आणि आणखी एक खड्डा खणायला सांगते झाले.

टेकडीवर 'काही नाही' असं नानांसमोर म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याला ते तिथेच उकिडवं बसायला लावत. "उभं राहून फक्त मोबाईलचे टॉवर दिसतात. बस खाली." ऑगस्टातल्या एका सकाळी माझीही पाळी आली. गुडघे करकरवत मी बसलो आणि बघतच राहिलो. कातळावरच्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं फुलली होती, नखाएवढी, निळी-जांभळी, हजारोंनी. गवताच्या पात्यावर एक नाकतोडा माझ्याकडे बघत होता. पलीकडून चंडोल उठला आणि गात गात असा वर चढला की मान दुखायला लागली. टिटवी तर डोक्यावर घिरट्या घालून आम्हाला शिव्याच देत होती. "चार खड्यांत अंडी घालते आणि अख्ख्या टेकडीवर हक्क सांगते," नाना म्हणाले. "बिल्डरची मावशी आहे." त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला. कारण काय सांगावं ते सुचेना.

इकडे झाडं काही धरेनात. दर मे महिन्यात शंभर टक्के मेलेली. मग समितीची बैठक बसे आणि मी अहवाल लिही. एक वर्ष खाडीचा खारा वारा कारणीभूत ठरला, एक वर्ष नर्सरी. एरवी शेळ्या होत्याच. नाना या चर्चेत गंभीरपणे भाग घेत, "मुळांना एकटेपणा येत असावा" वगैरे सुचवत, आणि मी तेही लिहून घेई. शेळ्या शिरवण्याच्या हिराबाईंच्या. समितीने तारेचं कुंपण घातलं तर नाना स्वतः खालची तार उचलून धरत आणि शेळ्या एकेक करून आत जात. अहवालाची बातमी हिराबाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या मला वाटेत गाठून म्हणाल्या, "माज्या बकऱ्यांना कनाला बदनाम करता तुमी? त्या गवात खातान म्हनून गवात हाय. नायतर सगली झुडपाच माजली असती. आनि झारं तर पान्यावाचून मेली!"

पाण्यावाचून? नाना असताना? एप्रिलमध्ये एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग टेकडी चढलो. चढणीने घशाला कोरड पडली होती. नाना एका दगडावर बसले होते. "थोडं पाणी द्या," म्हणत मी झारी उचलली, तर ती हलकी. आत एक दुर्बीण, एक वही आणि ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा.

"नाना, तुम्ही झाडांना पाणी घालतच नाही?"

"घातलं तर जगतील रे," नाना कळवळून म्हणाले. "जगली की सावली करतील. सावलीत हे गवत टिकत नाही. मग चंडोलाने कुठे जायचं, सीवूड्सच्या मॉलमध्ये?"

"म्हणजे तुम्ही झारीतले शुक्राचार्य!"

"त्याचा एक डोळा फुटला. माझे अजून दोन्ही शाबूत आहेत, म्हणून तर दिसतं." त्यांनी बिस्किट पुढे केलं. मी समितीचा चिटणीस होतो, ते घ्यायला नको होतं. घेतलं आणि त्या वर्षीच्या अहवालात खारा वारा लिहिला.

पुढच्या गणेशोत्सवात समितीने नानांना 'वृक्षमित्र' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. उत्तरादाखल नाना माइकसमोर उभे राहिले आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, "मी आजवर एकाही झाडाला पाणी घातलेलं नाही." मी खुर्चीत खाली सरकलो. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती हा विनय!" अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले. नानांनी हताशपणे माझ्याकडे बघितलं आणि नारळ काखेत मारून खाली उतरले.

गेल्या हिवाळ्यात नाना अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी सुमेधा उशाशी बसली होती. नानांना आजाराची चिंता नव्हती. पाणी घालायला माणूस नाही म्हणून अध्यक्ष टेकडीवर पाइपलाइन न्यायचं बोलत होते, ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. पाइप आला की झाडं जगणार आणि गवत संपणार. नानांनी माझा हात घट्ट धरला. "फुकट राबणारा माणूस मिळाला की समिती पाइप विसरते. तू हो तो माणूस. झारी घेऊन जा." मी हो म्हणालो. सुमेधा उठली आणि बाल्कनीतून झारी घेऊन आली. "इतकी वर्षं घरात आहे," ती म्हणाली, "पण ओली झालेली मी एकदाही पाहिली नाही, काका." नाना डोळे मिटून हसले. आठवड्याभरात गेले.

शोकसभेत अध्यक्षांना खरंच रडू आलं, ते खोटं नव्हतं. "झाडं म्हणजे नानांचा प्राण," ते म्हणाले, आणि ठराव झाला की नानांच्या स्मरणार्थ टेकडीच्या बरोब्बर मधोमध बकुळ लावायची. रोप आलं, संगमरवरी पाटी आली. टिटवी जिथे खडे मांडते तिथेच खड्डा पाडला. पाणी घालायचं काम, अर्थात, माझ्याकडे.

तेव्हापासून रोज सकाळी मी झारी झुलवत निघतो. वॉचमन आता मला सलाम ठोकतो. वर पोचलो की आधी बकुळीशी जातो. पहिल्या महिन्यात पानं मान टाकायला लागली तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पाटीवर नानांचं नाव आणि हातात रिकामी झारी. एकदा तर पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो. तिथे उकिडवा बसलो, टिटवीच्या शिव्या खाल्ल्या आणि बाटलीतलं पाणी स्वतःच पिऊन परत आलो.

परवा सुमेधा भेटली. गेटवर अध्यक्षही होते, म्हणून आम्ही बाजूला झालो. "काका, बाबांचं झाड कसं आहे?" तिने विचारलं.

"वाळलं गं," मी म्हणालो. "पार वाळलं."

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचे डोळे भरले, माझेही. मग ती हळूच म्हणाली, "आणि टिटवी?"

"चार अंडी आहेत. पाटीला टेकून."