नानांनी न पाहिलेला धबधबा

सातपुड्यातल्या प्रत्येक धबधब्याचा आवाज ओळखणारा आणि त्यातला एकही न पाहिलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. फैजपूरकडे त्यांची केळीची बाग आहे आणि सगळे त्यांना नाना म्हणतात. पावसाळ्यात एखादा रविवार धरून मी जळगावहून त्यांच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं डोंगराकडे निघायचो. तयारी अशी, की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस आता दिवाळीलाच परतणार. कळण्याच्या भाकऱ्या, ठेचा, दोन फण्या केळी, दोरखंड, शिट्टी आणि खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेले कोरडे कपडे. ते कपडे कधी लागले नाहीत, कारण आम्ही कधी भिजलोच नाही.

याला कारण नानांची काडी. नाला ओलांडायची वेळ आली की नाना पाण्यापासून वीतभर अंतरावर एक काडी रोवत आणि तिच्यासमोर उकिडवे बसत. पाणी काडीला टेकलं, की वर कुठेतरी पाऊस लागलाय असं समजायचं आणि मागे फिरायचं. पाणी हटकून टेकायचं. पुढच्या वळणापलीकडे धबधब्याचा आवाज घुमत असायचा, नाना कान देऊन म्हणायचे, "मोठा हाये हा," आणि आम्ही गाडीपाशी येऊन भाकऱ्या खायचो. एकदा दोन्ही घरची मिळून अकरा माणसं नेली होती, बायका नव्या साड्या नेसून. काडी भिजली तशी वरात माघारी वळली. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, ती काडी उपटून नाल्यात भिरकावली. नानांनी शांतपणे दुसरी शोधली, रोवली आणि तीही भिजल्याचं सगळ्यांना दाखवलं.

दोन वर्षांपूर्वी मात्र माझं डोकं फिरलं. ऑफिसात धबधब्याच्या फोटोचं कबूल करून बसलो होतो. काडी भिजली, नाना उठले, आणि मी म्हणालो, "नाना, तुमच्या भित्रेपणापायी जन्मात एक धबधबा बघून होणार नाही." बोलायला नको होतं. मी एकटाच नाला ओलांडून गेलो, धबधबा पाहिला, फोटो काढला आणि परत आलो, तर मघाचं घोट्याएवढं पाणी गढूळ होऊन मांड्यांना लागत होतं. पलीकडे नाना शिट्टी वाजवत उभे होते. दोरखंड झाडाला बांधून ते पाण्यात उतरले आणि माझं मनगट धरून त्यांनी मला काठाला लावलं. शेवटच्या दगडाशी त्यांचाच पाय अडकला आणि गुडघा गेला. माझा फोनही पाण्यात गेला, आणि त्याची हळहळ मला त्या वेळीसुद्धा वाटली, हे लिहिताना मान खाली जाते.

गाडीत घालताना नाना म्हणाले, "घरी पानी चढल्याचं सांगू नका. तुमाले पुन्हा कोनी येऊ देनार नाही."

घरी त्यांनी सांगितलं, केळीच्या सालीवरून घसरलो. दुसरं काही सुचलं नसावं. चार पिढ्या केळी लावणाऱ्या घरातला माणूस सालीवरून घसरला, ही बातमी फैजपुरात पिकाच्या भावापेक्षा वेगाने पसरली. लग्नाकार्यात नाना लंगडत आले, की कोणीतरी मोठ्याने सांगायचं, वाटेतल्या साली उचला. सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण न हसलो असतो तर खरं सांगावं लागलं असतं.

परवा त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना हीच गोष्ट रंगवून सांगितली जात होती. मुलगी खाली मान घालून बसली होती. माझ्याकडे पाहून कोणी म्हणालं, हे होते ना बरोबर. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणालो, "आणि साल त्यांच्याच बागेतली होती." मांडव हसला. सगळ्यांत मोठ्याने नाना हसले.

जेवणं झाल्यावर ते काठी टेकत माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता बोलतील. मी ऐकून घ्यायला तयार होतो. नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "धबधबा कसा व्हता हो भाऊ? तुम्ही कधी सांगलंच नाही."

मग मी सांगू लागलो. तीन मजल्यांएवढी उंची, खाली काळाभोर डोह, तुषारांनी पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. नाना डोळे मिटून ऐकत होते. मध्ये त्यांनी दुखऱ्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

"मंग वाया नाही गेलं," ते म्हणाले.

तो धबधबा जेमतेम माझ्या उंचीचा होता.